पिवळ्या चोळीची दुसरी बाही

ताई,

मशीनमध्ये अजून तुमचाच दोरा ओवलेला आहे. पिवळा. शेवटची टीप मारलीत तिथे तुम्ही सुई कापडात रोवून ठेवलीत आणि म्हणालात, "आंग जड लागून राह्यलं गोदे, उरलेलं उद्या." तो उद्या आलाच नाही. मुदतीच्या तापाने तुम्हाला नेलं. सुतकात मशीनला हात लावायचा नव्हता म्हणून मी ती तशीच झाकून ठेवली. तेरावं झाल्यावर झाकण काढलं तर सुई जागच्या जागी होती आणि सुईखाली आंजी गावच्या सुभद्राबाईंच्या धाकटीची हळदीची चोळी. एक बाही लावलेली, दुसरी घडी करून बाजूला.

तुमच्या बेतण्याच्या खाकी कागदावर हे लिहिते आहे. कोणाला दाखवायचं नाही. माझी शाळा चौथीपर्यंत झाली आणि तोंड त्याच्याही आधी मिटलं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. बाजारात दोऱ्याचं रीळ मागायचं तरी माझी जीभ टाळूला चिकटायची. तुम्ही पुढे होऊन मागायच्या आणि परत येताना म्हणायच्या, "दुकानदार का वाघ हाये वं?" तुमच्याशी मात्र मी बोलत होते. नणंद-भावजय म्हटलं की लोक दुसरंच काही समजतात. मला या घरात तुमच्याइतकं कोणाशीच बोलता आलं नाही, तुमच्या भावाशीसुद्धा नाही. आता ते सगळं बोलणं कुठे ठेवू?

मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही कपाळ पुसून माहेरी परत आलेल्या होतात. सासूबाई आधीच गेलेल्या. तुमचे बाबा, माझे मामाजी, ओसरीवर बसून दातणासाठी निंबाच्या काड्या सोलत असायचे. तुमच्या भावाचं काम कापसातली सरकी काढायच्या जिनातलं. कापूस आला की कामाला उसंत नाही, आणि हंगाम सरला की हात रिकामे. पावसाळ्यात ते भिंतीकडे तोंड करून पडून राहत. मला वाटे, ते रागावले आहेत. तुम्ही सांगितलंत, "रागावला नाई तो. लाजून राह्यला."

तुम्ही पाटल्या मोडून जुनी हातमशीन घेतलीत ती या लाजेपायी. महिला मंडळाच्या वर्गात शिवण शिकलात, वर्गात शिकवलं नाही तेही जुनी पोलकी उसवून उसवून शिकलात. मुलांच्या चड्ड्या, टोपरी, झबली येऊ लागली. ओसरीवर मशीन, मशीनवर तुम्ही. सगळं उघड्यावर, उन्हात.

मग तो दिवस. शेजारची एक बाई लेकीच्या लग्नाचे खण घेऊन पायरी चढली. तुम्ही हात पुढे केलात. तिने तुमच्या हाताकडे पाहिलं, मग कपाळाकडे, आणि खण पदराखाली घेत म्हणाली, "अवो माय, हे तं मी दाखवाले आनले होते." आणि गेली.  संध्याकाळपर्यंत तुम्ही तेच टोपरं शिवत होतात आणि तेच उसवत होतात.

दुसऱ्या दिवशी मशीन उचलून आतल्या खोलीत नेलीत. मला म्हणालात, "आजपासून ओसरीवर तू बस. तुह्या कपाळाले कुंकू हाये. मी आतून शिवतो."

असं आपलं काम सुरू झालं. आलेल्या बाईकडून खण आणि मापाची जुनी चोळी मी घ्यायची, पाट द्यायचा, हळदकुंकू लावायचं. बेतायचं, शिवायचं, तुरपाई करायची तुम्ही. बायका आपसात म्हणायच्या, गोदाबाई बोलत नाही, हात बोलतो तिचा. मी मान खाली घालायची, तेही त्यांना शोभून दिसायचं. त्या गेल्या की तुम्ही आतून हसायच्या. "काय वं कारागीर, चहा तरी ठेव!"

आतली खोली म्हणजे अंधारकोठडी. कौलात बसवलेली एक काच, तेवढाच उजेड. त्याचा पाटाएवढा चौकोन जमिनीवर पडायचा. सकाळी तो चुलीच्या भिंतीपाशी असायचा, दुपारी मध्ये यायचा, मग कणगीकडे जायचा. उजेड सरके तशी तुम्ही मशीन सरकवायच्या. मशीन, पाट, कापड, कात्री, सगळा संसार घेऊन दिवसभर त्या चौकोनामागे खोली ओलांडायच्या. आभाळ आलं की डोळे बारीक करून कापडावर अगदी वाकायच्या. मी म्हणायची, डोळे जातील. तुम्ही म्हणायच्या, "गेले तं गेले. पोट्ट्यायच्या चोळ्या तं बोहल्यावर गेल्या ना?"

आणि मामाजींचा खोकला. गल्लीत कोणी बाई वळली की ओसरीवरून ते दोनदा खाकरायचे, आणि आत मशीन थांबायची. बाई पाटावर टेके, बोले, उठून जाई, तोवर तुम्ही हँडलवर हात ठेवून तशाच. ती दिसेनाशी झाली की मामाजी काडीने खांबावर टकटक करायचे आणि मशीन पुन्हा सुरू. बापलेकीत यावर कधी बोलणं झालेलं मी ऐकलं नाही.

एकदाच घोटाळा झाला. आंजीच्या सुभद्राबाई मोठ्या लेकीच्या लग्नाचे खण घेऊन आल्या होत्या. मामाजी निंबाच्या काड्या आणायला गेलेले, खाकरणार कोण? मी ओसरीवर खण पाहते आहे आणि आतून मशीन धडधडते आहे. सुभद्राबाईंनी कान टवकारले.

"आत कोन शिवून राह्यलं वं?"

माझी जीभ टाळूला. आणि सुटली ती ही अशी, "मामाजी."

तेवढ्यात मामाजी काड्यांची मोळी घेऊन गल्लीतून समोर! सुभद्राबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मशीन चाललेलीच. मग तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "गुनाचे हायेत बापा तुये सासरे. इथंही हायेत अन् तिथंही." आणि खण माझ्या ओटीत ठेवून गेल्या. तुम्ही ते ऐकून इतक्या हसलात की उचकी लागली. मामाजींना त्या दिवसापासून तुम्ही "मास्तर" म्हणत होतात, शिंपी या अर्थाने. ते चिडायचे आणि आतून सुखावायचे.

मला शिकवलंत तेही त्याच चौकोनात. मांजरपाटाच्या तुकड्यावर आधी तुम्ही एक टीप मारलीत, सरळ, आणि म्हणालात, याच्या खाली मार. माझी टीप पाहून बोटातलं पत्र्याचं अंगुस्तान माझ्या मनगटावर आपटलंत. "शिवन हाये का बैल मुतला वं?" मी रडले. तुम्ही डोळे पुसले नाहीत, पुन्हा दोरा ओवून दिलात. तो तुकडा अजून डब्यात आहे. वरची ओळ तुमची. खाली माझ्या वाकड्या, मग कमी वाकड्या, आणि अगदी तळाच्या दोन-चार अशा की तुमची कोणती, माझी कोणती, ते मलाही निरखून निरखून पाहावं लागतं.

मुंबईचं नवं राज्य झालं तेव्हा तुमचे भाऊ जेवताना सांगत होते, नागपूरच्या कचेरीतले बाबू सामान बांधून मुंबईला निघाले, आता आपलं सगळं बदलणार. तुम्ही भाकर वाढता वाढता म्हणालात, "राज्य कोनाचंही येऊ दे. बाह्या दोनच राह्यतीन." ते हसले. पण नव्या राज्याच्या बोलण्यात एक बातमी होती ती तुम्ही बरोबर उचललीत. मुलींच्या शाळेत शिवण शिकवायला बाई हवी होती. पक्की जागा. हंगाम असो नसो, बाराही महिने.

तुम्ही त्या दिवशी न्हालात, पांढरं लुगडं निळीतून काढलंत. मला विचारलंत, "चांगलं काम कोनतं, सांग बरं." मी म्हटलं, जिथे पगार वेळेवर मिळतो ते. "नाई वं. जिथं आपल्या नावानं हाक मारतात ते."

सोबत मला नेलंत. शाळेच्या मोठ्या बाईंना पाहून तुमचे डोळे कसे चमकले ते मी विसरणार नाही. त्याही पांढऱ्या लुगड्यातल्या, कपाळ रिकामं, आणि सगळी शाळा त्यांच्या एका शब्दावर उठत-बसत होती. कुंकवाचा प्रश्नच नाही अशी एक जागा वर्ध्यात होती आणि आपण तिच्या दारात उभ्या होतो.

तुम्ही एक टोपरं आणि एक झबलं पुढे केलंत. तुमच्या नावावर तेवढंच होतं. मोठ्या बाईंनी ते उलटसुलट पाहिलं आणि म्हणाल्या, "काम नीटस आहे. पण मुलींना पोलकं, चोळी बेतता आली पाहिजे. तसं काम आपल्याकडे एका गोदाबाईंचं आहे म्हणतात. सेलूकडची लग्नंसुद्धा त्यांच्याकडे येतात. तुम्ही ओळखता का त्यांना?"

ताई, तुम्ही हसून माझ्याकडे बोट केलंत. "हे काय, हेच थ्या."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. तुम्ही पदराखालून माझ्या दंडाला असा चिमटा घेतलात की शब्द आत गेला. त्याचा डाग हिरवा होऊन पुढे पिवळा होईपर्यंत मी रोज पाहत होते.

परत येताना रेल्वेचं फाटक बंद होतं. कापसाच्या गाठींची मालगाडी चालली होती, संपता संपत नव्हती. तुम्ही गाडीकडे तोंड करून काहीतरी बोललात. मला ऐकू आलं नाही. गाडी गेल्यावर विचारलं, काय म्हणालात? "काई नाई." मी पुन्हा विचारलं नाही. आता विचारते आहे. काय म्हणालात ताई?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुमच्या मागे लागले. तुम्ही सांगितलं काऊन नाही? सगळ्या चोळ्या 'माझ्या हातच्या' म्हणून तुम्ही एकदा सांगायचं होतं. तुम्ही दोरा दाताने तोडत म्हणालात, "अन् त्यातल्या एकीचं जरी वाकडं झालं तं? एकीचा जरी नवरा मेला, तं म्हनतीन, रांडमुंडीच्या हातची चोळी घातली व्हती. त्या पोरीनं मंग कोनाच्या नावानं रडावं?"  याचं उत्तर माझ्याकडे आजही अर्धंच आहे.

मग शाळेतून बाई निरोप घेऊन आली. दिवाळीची सुट्टी संपली की गोदाबाईंनी आपल्या हातचा नमुना घेऊन यावं. आणि आपलं भांडण सुरू झालं.

तुम्ही म्हणालात, जा. मी म्हटलं, ती जागा तुमची आहे.

"जागा कोनाची नसते. ज्याचं नाव त्याची जागा."

"नाव खोटं आहे."

"हात तं खरा हाये! म्या शिकवला तो. का तेही खोटं?"

मी म्हटलं, मला चार मुलींपुढे उभं राहता येत नाही. तुम्ही इस्त्रीतले निखारे फुंकत होतात. राख उडाली तुमच्या तोंडावर. तशाच मागे वळून म्हणालात, "इतके दिवस तुह्या कुंकवावर माह्या टिपा खपल्या. आता माह्या टिपायवर तुहा पगार होऊ दे. फिट्टमफाट."

तो शब्द मला लागला. तुम्हालाही बोलल्यावर लागला असावा, कारण इस्त्री तुम्ही उगाच जोरात आपटलीत. दोन्ही जेवणं आपण मुकाट्याने केली. मग सुभद्राबाई धाकटीचे खण देऊन गेल्या, कामात काम निघालं, थोडं बोलणं सुरू झालं, "कात्री दे", "बाही धर", एवढंच. भांडण तसंच राहिलं. तापातही एकदा तुम्ही माझं मनगट धरलंत. मला वाटलं आता बोलाल. तुम्ही बोटांनी माझं बोट चाचपून पाहिलंत, अंगुस्तान आहे की नाही. नव्हतं. तुम्ही मान हलवलीत, आणि झोपलात.

काल सुभद्राबाई आल्या. गल्लीत वळल्या आणि मामाजी दोनदा खाकरले. ताई, आत कोणी नाही, मशीन बंद आहे, तरी ते खाकरले. मग त्यांच्याच ते ध्यानात आलं. त्यांनी हातातली काडी खाली ठेवली आणि उठून परसात गेले.

सुभद्राबाई पाटावर बसल्या. मला वाटलं, खण परत मागायला आल्या. सुतकाच्या घरची चोळी हळदीला कोण घालेल? मी चोळी आणून त्यांच्यापुढे ठेवली. एक बाही लावलेली, एक घडी केलेली. मनात ठरवलं होतं की दुसरी बाही लावून ही माझी म्हणून द्यायची नाही. खरं सांगायचं, मग काय व्हायचं ते होवो.  मी जमिनीकडे पाहून म्हटलं, "ही माझ्या हातची नाही. तुमच्या मोठीचीही नव्हती. सगळ्या ताईंच्या."

त्यांनी चोळी उचलली. काठावरून बोट फिरवलं.

"मले ठाऊक हाये बाई."

मी वर पाहिलं.

"तुये सासरे इथं अन् तिथं शिवून राह्यले होते, तवापासून. मले काय, समद्यायले ठाऊक हाये. तुह्या हाताले कधी सुईचं टोचनं दिसलं नाई, अन् तिच्या बोटायची चाळन. बायकायले का डोळे नसतात?"

"मग काकू, बोलल्या काऊन नाई कधी?"

 सुभद्राबाई चोळीची घडी घालत म्हणाल्या, "तुमी लपवलं, आमी लपू देल्लं. माह्या मोठीले दोन लेकरं हायेत, सोन्यासारखा नवरा हाये. मी रोज म्हनतो, हात गुनाचा व्हता. पन तिनं उघड सांगतलं असतं ना, तं माह्या सासूपुढं मले हे चोळी घेता आली नसती. ठाऊक असनं येगळं, सांगनं येगळं."

उठताना त्यांनी डोळे पुसले. खरे पुसले, दाखवायला नाही. म्हणाल्या, "दुसरी बाही तू लाव. पोट्टी हेच घालीन म्हनते, आयकत नाई. फक्त एक करजो. मले सांगतलं तं सांगतलं, याहीनीले, पोट्टीच्या सासूले, नको सांगजो."

त्या गेल्यावर मी आतल्या खोलीत जाऊन बसले. उजेडाचा चौकोन कणगीपाशी गेला होता. ताई, त्यांना ठाऊक होतं! सगळ्यांना. म्हणजे खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तुम्ही डोळे ताणत मशीन ओढलीत ती कोणापासून लपायला? मला खूप राग आला. आधी त्यांचा. मग तुमचा. तुम्ही मला चिमटा घेतला नसता तर? मोठ्या बाईंनाही ठाऊक असेल का? की त्या एकट्यांनाच नव्हतं? आणि मग वाटतं, सुभद्राबाई म्हणतात तेही खरं. तुम्ही बोलल्या असतात तर चोळ्या गेल्या असत्या आणि शाळाही मिळाली नसती, कोणी सांगावं. तुमचं बरोबर की माझं, हे भांडण आता तुम्हीच अर्धं घेऊन गेलात. माझ्या अर्ध्याचं मी काय करू?

बाही लावली. तुमच्याच दोऱ्याने. मुंढ्यापाशी, बाही खांद्याला जुळते तिथे, थोडी चुणी आली म्हणून उसवली, पुन्हा लावली. तुम्ही असतात तर अंगुस्तान आपटलं असतंत. पहिल्यांदाच मी एक चोळी अशी देणार आहे की तिच्यावर माझाही थोडा हक्क आहे.

परवा शाळेत जायचं आहे. नमुना म्हणून मी नवं काही शिवलेलं नाही. मांजरपाटाचा तो तुकडा नेणार आहे. वरची ओळ माझ्या नणंदेची, या मधल्या वाकड्या माझ्या, या शेवटच्या तिने सरळ केलेल्या. आणि गावात ज्या चोळ्या माझ्या म्हणतात त्या तिच्या. एवढं सांगायचं आहे. मग जागा द्यावी, न द्यावी. कदाचित हे गावभर होईल आणि लग्नाचे खण यायचे बंद होतील. तुमच्या भावाला सांगितलं. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाले, "हंगाम चालू हाये आता, तूर्त निभेल." त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

आज सकाळी मशीन ओसरीवर आणली. इतका उजेड आहे की धाग्यातला धागा दिसतो, आणि सरकवावं लागत नाही. मशीनवर हात ठेवून मी परवा शाळेत बोलायचं ते म्हणून पाहिलं. "बाई, हे काम माझ्या नणंदेचं. तिचं नाव शांता. मी तिच्याकडून शिकलेली." पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणताना लक्षात आलं, मामाजी खांबाला टेकून ऐकत आहेत. मी लाजून पदर पुढे ओढला.

ते खाकरले नाहीत. म्हणाले, "नाव आयकू नाई आलं. जोरानं बोल."